वजन उतरते, मग अंगातले त्राण का जाते? बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा थकवा आणि आहार

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा बहुधा किलोंच्या भाषेत होते: किती उतरले, किती महिन्यांत उतरले, पुन्हा वाढले का. १९९१ पासून चालत आलेले या शस्त्रक्रियेचे निकष २०२२ साली बॅरिॲट्रिक शल्यचिकित्सकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून सैल केले. ज्यांचा बॉडी मास इंडेक्स (किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ३५ किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना दुसरा कोणताही आजार नसला तरी शस्त्रक्रियेची शिफारस करावी, असे त्यांनी सांगितले. पर्याय अधिक लोकांसमोर आला, त्याच्या लाभांविषयी बरेच लिहिलेही गेले. परंतु शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडल्यावर, वजनकाटा मनासारखा खाली जात असताना, जिना चढताना पाय का भरून येतात आणि दुपारी डोळे का मिटतात, याचे उत्तर रुग्णाला अनेकदा एका वाक्यात मिळते: ‘सुरुवातीला असे होतेच.’

हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. सहाव्या दिवशीचा थकवा, सहाव्या महिन्यातला थकवा आणि तिसऱ्या वर्षातला थकवा यांची कारणे वेगवेगळी असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात. त्यामुळे ‘थकवा किती आहे’ या प्रश्नाआधी ‘शस्त्रक्रियेला किती काळ झाला आणि थकवा दिवसातून नेमका केव्हा येतो’ हा प्रश्न विचारावा लागतो.

शस्त्रक्रियेत नेमके काय बदलते

आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया दोन आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. आतड्याला हात लावला जात नाही. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. परिणामी उरलेले जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग शरीरातच राहतो, पण अन्न त्यातून जात नाही.

दोन्हींत केवळ जागा कमी होते असे नाही. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तो भागच काढला जात असल्याने भूक मंदावते. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोहोचू लागल्यामुळे पोट भरल्याची जाणीव करून देणारी संप्रेरके वाढतात. भूकच लागत नसल्यामुळे ‘आज काही खाल्ले नाही’ हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. वजन उतरण्यासाठी हे सोयीचे असले, तरी थकव्याची सुरुवात येथूनच होते.

पहिले काही आठवडे: पाणी आधी, अन्न नंतर

शस्त्रक्रियेनंतर आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात: प्रथम पाण्यासारखे पातळ द्रव, मग प्रथिनयुक्त दाट द्रव, त्यानंतर गाळलेले किंवा वाटलेले अन्न, मग मऊ अन्न आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीच्या पोताचे अन्न. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते. आपल्या शल्यचिकित्सकांनी दिलेले तेच पाळावे. या काळात दिवसभरात पोटात जाणारी ऊर्जा अनेकदा ८०० कॅलरींच्याही खाली असते आणि त्याच वेळी शरीर टाके भरून काढण्याचे काम करत असते.

यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. उपासमार सुरू झाली की शरीर आधी यालाच हात घालते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपला की ते पाणीही निघून जाते. इन्सुलिनची पातळी खाली आल्यामुळे मूत्रपिंडे मीठही अधिक बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी मोठी घट बरीचशी या पाण्याची असते, आणि उठून उभे राहिल्यावर येणारी चक्कर, गडद लघवी, कोरडे तोंड, डोकेदुखी आणि गळून गेल्यासारखे वाटणे हीसुद्धा त्याचीच लक्षणे असतात. डिस्चार्जनंतर रुग्णाला पुन्हा रुग्णालयात यावे लागण्याच्या नेहमीच्या कारणांत निर्जलीकरण येते.

दिवसाला किमान दीड लिटर द्रव घ्यावे, असे सांगितले जाते. एका दमात पेलाभर पाणी पिण्याची सवय असलेल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण नव्या जठरात ते एकदम मावत नाही. जागेपणाचे १५ तास धरले तर ताशी १०० मिलिलिटर, म्हणजे दर दहा मिनिटांनी जेमतेम एक घोट, असा हा हिशेब आहे. तहान लागण्याची वाट पाहिली तर तो चुकतोच. त्यात जेवताना आणि जेवणानंतर सुमारे अर्धा तास पाणी पिऊ नये, हाही नियम असतो. म्हणजे पाण्यासाठी मिळणारा वेळ आणखी कमी होतो. माझ्या मते पहिल्या महिन्यात खाण्याच्या नोंदीपेक्षा पाण्याची नोंद ठेवणे अधिक उपयोगाचे आहे.

‘अंगावर एवढी चरबी असताना शक्ती कमी का पडते?’

हा प्रश्न अगदी रास्त आहे. ज्याच्या शरीरात लाखो कॅलरी साठलेल्या आहेत त्याला अशक्तपणा यावा, हे विसंगत वाटते. पण चरबीतून मिळणारी ऊर्जा सावकाश मिळते. झटकन उठणे, ओझे उचलणे, जिना चढणे अशा कामांना स्नायू मुख्यतः साखर वापरतात आणि तिचा साठा संपलेला असतो. मेंदूलाही एरवी साखरच लागते. चरबीपासून यकृतात तयार होणारे कीटोन हे पर्यायी इंधन वापरण्याची सवय व्हायला त्याला काही दिवस लागतात. त्या दिवसांत डोके जड वाटते, लक्ष लागत नाही, चिडचिड होते.

दुसरे असे की खाणे एकाएकी घटले की शरीर खर्च आवरते घेते. चयापचय मंदावतो, थंडी अधिक वाजते, हालचाल नकळत कमी होते. रुग्णाला हा आळस वाटतो आणि घरच्यांनाही. प्रत्यक्षात ती शरीराची काटकसर असते. हा टप्पा बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरू लागतो. ओसरण्याऐवजी तो वाढत चालला असेल, तर ‘असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये.

प्रथिनांचे अवघड गणित

शरीर फक्त चरबी जाळत नाही. प्रथिने पुरेशी मिळाली नाहीत तर ते स्नायूही मोडते. स्नायू घटले की तेच काम करताना अधिक दम लागतो, दम लागतो म्हणून हालचाल कमी होते, आणि हालचाल कमी झाल्याने स्नायू आणखी घटतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात जाणवणारा थकवा पुष्कळदा या वर्गातला असतो. याच सुमारास केसही गळतात. वजन वेगाने घटल्याचा आणि शस्त्रक्रियेचा ताण हे त्याचे मोठे कारण असते आणि बहुतेकांचे केस परत येतात. मात्र प्रथिने, लोह किंवा जस्त कमी पडत असेल तर गळती लांबते.

मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. अनेकांना ८० ग्रॅमपर्यंत सांगितली जातात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम आणि १०० मिलिलिटर दुधात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने असतात. ६० ग्रॅम म्हणजे दहा अंडी किंवा जवळजवळ दोन लिटर दूध! एका वेळी चार-सहा चमचेच खाता येणाऱ्या माणसाला हे केवळ जेवणातून साधणे सुरुवातीला अशक्य असते, म्हणूनच प्रथिनांची भुकटी देतात. त्यात गंमत अशी की डब्यावर ‘प्रोटीन’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असला, तरी काही भुकट्यांत प्रथिनांपेक्षा साखर अधिक असते. मागच्या बाजूचा तक्ता वाचून एका मापात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि अगदी थोडी साखर आहे ना, हे पाहावे.

जेवणात क्रम महत्त्वाचा. आधी अंडी, मासे, मांस, डाळी, सोयाबीन किंवा दही यांपैकी जे चालते ते, मग भाज्या, आणि जागा उरलीच तर धान्य. लहान घास, बारीक चावणे, दोन घासांत थांबणे आणि एकूण वीस ते तीस मिनिटे. पोट भरल्याची खूण आता पूर्वीसारखी नसते. छातीच्या मध्यभागी हाडामागे दाब जाणवतो, एखादी उचकी येते, काहींचे नाक वाहू लागते. तेथे थांबावे. ताटात राहिलेला ‘शेवटचा एक घास’ संपवण्याच्या नादात तोंडाला पाणी सुटते, घास अडकल्यासारखा होतो आणि उलटी झाली की मोठ्या कष्टाने पोटात गेलेली प्रथिनेही वाया जातात.

नुसती प्रथिने खाऊन स्नायू टिकत नाहीत, त्यांना काम द्यावे लागते. चालणे शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच सुरू करतात. वजन उचलण्याचे किंवा ताणाचे व्यायाम जखम पूर्ण भरल्यावर, शल्यचिकित्सकांच्या संमतीने सुरू करावेत. थकलेल्या माणसाला व्यायाम करायला सांगणे उलटे वाटेल, पण स्नायूंच्या घटीमुळे आलेला थकवा विश्रांतीने वाढतो. याउलट, लोहाच्या कमतरतेमुळे आलेल्या थकव्यात माणसाला व्यायामाचा आग्रह करणे हा निव्वळ छळ आहे. म्हणूनच कारण आधी शोधायचे.

थकवा जेवणानंतरच येत असेल तर

काहींना दिवसभर ठीक वाटते आणि खाल्ल्यावर मात्र ग्लानी येते. गोड किंवा पातळ अन्न लहान पिशवीतून घाईघाईने आतड्यात उतरले की ते सौम्य करण्यासाठी रक्तातले पाणी आतड्यात ओढले जाते. अर्ध्या-एक तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब आणि आडवे व्हावेसे वाटणे, अशी लक्षणे दिसतात. याला डंपिंग म्हणतात. बायपासनंतर ते अधिक आढळते, पण स्लीव्हनंतरही होऊ शकते.

दुसरा प्रकार खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी होतो. साखर रक्तात एकदम चढते, तिला आवरायला इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटते आणि साखर गरजेपेक्षा खाली जाते: थरथर, घाम, गोंधळ, विलक्षण थकवा. हा त्रास बहुधा शस्त्रक्रियेला वर्ष उलटल्यावर सुरू होतो, त्यामुळे त्याचा शस्त्रक्रियेशी संबंध चटकन लक्षात येत नाही. तरतरी यावी म्हणून फळांचा रस किंवा गोड पेय घ्यावे, तर क्षणभर बरे वाटते आणि दोन तासांनी तेच चक्र पुन्हा सुरू होते. साखर खरोखर खाली गेली असेल तेव्हा थोडे गोड घ्यावेच लागते, परंतु त्यामागोमाग प्रथिनयुक्त काहीतरी खावे आणि मूळ उपाय म्हणून झटकन पचणारे गोड व मैद्याचे पदार्थ कमी करावेत. ग्लुकोमीटरवर आकडा ५४ मिलिग्रॅमच्या खाली दिसला, शुद्ध हरपली किंवा वाहन चालवताना असे झाले, तर डॉक्टरांना भेटणे टाळू नये.

वर्षानंतरचा थकवा: लोह आणि बी-१२

आता गोष्ट थोडी फसवी होते. वजन स्थिरावलेले असते, जेवण बऱ्यापैकी जमत असते, कपडे बदललेले असतात, लोक कौतुक करत असतात. आणि हळूहळू, कळेल न कळेल असा, थकवा परततो. त्याचे मूळ बहुधा सूक्ष्म पोषकद्रव्यांत असते.

बायपासनंतर अन्नाचा प्रवास मधली स्थानके वगळणाऱ्या जलद गाडीसारखा होतो. लोहाची उतरण्याची जागा म्हणजे लहान आतड्याचा अगदी सुरुवातीचा भाग. गाडी आता तेथे थांबतच नाही. पुढच्या स्थानकांवर थोडे लोह उतरते, पण ते पुरत नाही. शिवाय अन्नातले लोह शोषण्याजोग्या रूपात यायला जठरातील आम्ल लागते, तेही आता कमी असते. बी-१२ ची अडचण निराळी. ते शोषले जाते आतड्याच्या शेवटच्या भागात, पण त्यासाठी जठरातल्या पेशींनी स्रवलेला एक विशिष्ट प्रथिनघटक त्याला आधी येऊन मिळावा लागतो, आणि हीच भेट आता दुर्मीळ होते. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षे पुरेल एवढा असल्यामुळे ही उणीव लगेच कळत नाही. कळते तेव्हा हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, तोल जाणे अशी मज्जातंतूंची लक्षणेही सोबत असू शकतात आणि उशीर झाला तर ती पूर्णपणे भरून येतीलच असे नाही.

रक्ताच्या अहवालात एक जागा मुद्दाम पाहण्यासारखी असते. समजा एखाद्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२.४ आहे, शेजारच्या रकान्यात ‘सामान्य’ असे छापलेले असते आणि कागद घडी होऊन फाइलमध्ये जातो. पण त्याच अहवालात फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप, ८ आले असेल, तर तिचे कोठार रिकामे झालेले आहे. हिमोग्लोबिन खाली येणे एवढेच बाकी आहे. थकवा, धाप, केस गळणे, माती किंवा बर्फ खावासा वाटणे ही लक्षणे हिमोग्लोबिन घसरण्याच्या आधीच दिसू शकतात. म्हणून केवळ हिमोग्लोबिनवर समाधान मानू नये, फेरिटिनही तपासून घ्यावे.

‘स्लीव्हमध्ये आतडे शाबूत असते, मग जन्मभर गोळ्या कशाला?’

आतडे शाबूत असले तरी खाणे कमी झालेले असते, आम्ल कमी झालेले असते आणि बी-१२ ला सोबत करणारा घटक बनवणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा काढलेल्या जठरासोबत गेलेला असतो. धोका बायपासपेक्षा कमी आहे, पण तो संपलेला नाही. त्यात आम्लपित्तासाठी आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षे चालू राहिली, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू असेल, तर बी-१२ आणखी घटते.

‘साधी मल्टिव्हिटॅमिन पुरणार नाही का?’ हा पुढचा प्रश्न. बहुतेकदा पुरत नाही, कारण नेहमीच्या गोळीतील मात्रा नेहमीच्या पचनसंस्थेसाठी ठरवलेली असते. पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि बायपास किंवा स्लीव्ह झालेल्यांना दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह सुचवले जाते. हा आकडा प्रत्यक्ष लोहाचा आहे, लोहाच्या क्षाराचा नाही. वेष्टनावर दोन्ही आकडे असतात आणि घोटाळा तेथेच होतो. बी-१२ तोंडाने ३५० ते १००० मायक्रोग्रॅम रोज, किंवा १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन महिन्यातून एकदा. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नाही, कारण त्याहून अधिक शोषले जात नाही. आम्लावर अवलंबून नसलेले कॅल्शियम सायट्रेट अधिक सोयीचे. जीवनसत्त्व डी साधारण ३००० युनिट, रक्तातील पातळी पाहून कमी-अधिक. आपली नेमकी मात्रा डॉक्टरांनी अहवाल पाहून ठरवायची असते.

वेळापत्रकही सांभाळावे लागते. कॅल्शियम आणि लोह एकमेकांच्या आड येतात; त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर हवे. चहा-कॉफीबरोबर लोह घेतले तर त्याचा बराचसा भाग फुकट जातो. क जीवनसत्त्वाने मात्र त्याला मदत होते. दुर्दैवाने माणसाला बरे वाटू लागते नेमके तेव्हाच गोळ्या सुटतात, आणि त्याचे परिणाम इतके उशिरा दिसतात की दोहोंची सांगड कोणी घालत नाही.

ज्या थकव्यात वाट पाहायची नसते

थायामिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा, शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या सतत होत असतील आणि पोटात काही टिकत नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच त्याची गंभीर उणीव होऊ शकते. त्या वेळी थकव्यासोबत एकाच्या दोन वस्तू दिसणे, चालताना झोकांड्या जाणे, डोळे भिरभिरणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे असे काही आढळले, तर ती मेंदूला होणाऱ्या इजेची सूचना असते. अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाईन लावण्याच्या आधी थायामिन द्यावे लागते. कारण साखर जाळायलाच थायामिन खर्ची पडते आणि उरलेसुरलेही संपते. आपत्कालीन विभागात गेल्यावर शस्त्रक्रिया झाल्याचे आणि उलट्या किती दिवसांपासून आहेत हे नातेवाइकांनी पहिल्याच वाक्यात सांगावे.

सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, थांबत नसलेली जलद नाडी, वाढती पोटदुखी, धाप किंवा एका पायाच्या पोटरीला सूज असेल, तर तो साधा थकवा समजू नये. टाक्यांतून गळती किंवा रक्ताची गुठळी अशी कारणे असू शकतात. काळी, डांबरासारखी शौचास होणे हेही त्याच यादीत येते.

कारण आहारात नसेल तर

वजन घटले की रक्तदाब आणि साखर दोन्ही खाली येतात, पण जुन्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहतात. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. मात्रा स्वतःहून न बदलता नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडच्या गोळीची मात्राही पुन्हा तपासावी लागते. घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडण्याचा विकार बहुतेकांचा सुधारतो, पण त्यासाठी रात्री लावायचे श्वासाचे यंत्र वापरणे तपासणीशिवाय थांबवले तर दिवसा झोप येत राहते. मद्य आता रक्तात लवकर आणि अधिक प्रमाणात चढते. मन खचणे हेही थकव्याचे खरे कारण आहे. खाण्यातून मिळणारा दिलासा गेलेला असतो, आणि वजन घटल्यावर सगळे सुरळीत होईल ही अपेक्षा नेहमीच पुरी होत नाही. त्यासाठी समुपदेशकांची मदत घेणे तितकेच वैद्यकीय आहे.

तपासणीला जाताना

पहिल्या वर्षी साधारण तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि त्यानंतर दरवर्षी, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फोलेट, जीवनसत्त्व डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक, अल्ब्युमिन आणि यकृत-मूत्रपिंडांच्या चाचण्या करतात. बायपास झालेल्यांत जस्त आणि तांबे हेही पाहतात. केस गळतात म्हणून जस्ताच्या गोळ्या स्वतःच्या मनाने दीर्घकाळ घेतल्यास तांबे कमी होते, आणि तांब्याच्या कमतरतेनेही रक्तक्षय होतो. गोळ्यांनी लोह वाढत नसेल, तर ते शिरेवाटे देता येते. गर्भधारणा शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने पुढे ढकलावी, असा सल्ला असतो. ज्यांचा विचार आहे त्यांनी या चाचण्या आधी करून घ्याव्यात.

नव्या डॉक्टरांकडे जाताना आपली शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची आणि कोणत्या वर्षी झाली, हे एका कागदावर लिहिलेले असावे. ‘पोटाचे ऑपरेशन झाले आहे’ एवढे सांगून भागत नाही, कारण त्यावरून पुढच्या डॉक्टरांना काही कळत नाही. त्याच कागदावर चालू गोळ्या, गेल्या वेळचे फेरिटिन व बी-१२ आणि थकव्याची आठवडाभराची नोंद असावी: सकाळी उठल्यापासून, जेवणानंतर, की चढ चढताना. बायपास झालेल्यांनी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके चालत नाहीत, असेही तेथे लिहून ठेवावे, कारण जोडणीच्या जागी त्यांनी व्रण होतो आणि त्यातून ठिबकणाऱ्या रक्तामुळे लोह पुन्हा खाली जाते.